‘बोर्ड गेलाय, काका’

रात्री चार्जिंगला लावलेला टॅब सकाळी उठलाच नाही. बटण दाबलं, दाबून धरलं, आवाजाचं आणि चालू करायचं अशी दोन्ही बटणं एकदम धरून मनात तीस आकडे मोजले. स्क्रीन काळी ती काळीच. साधी थरथरसुद्धा नाही. बाहेर जूनचा पहिला दणकून पाऊस, आणि माझ्या पोटात गोळा.

गोळा का, ते सांगतो. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या २८ फ्लॅटच्या सोसायटीचा मी खजिनदार. निवृत्त झालो त्याच महिन्यात हे पद गळ्यात पडलं. माणसाचे हात रिकामे दिसले की लोक त्यात काहीतरी ठेवतातच. टॅब सोसायटीचाच, २०२२ मध्ये १६,५०० रुपयांना घेतलेला. टँकरवाला, लिफ्टवाला, गटार उपसणारा, झाडं छाटणारा, सगळ्यांच्या बिलांचे फोटो मी त्यात काढून ठेवायचो. कागद फाइलमध्ये होतेच, पण निम्मी बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची. त्यावरची अक्षरं गरमीने उमटतात आणि गरमीनेच विटतात. एप्रिलमधली पावती आता बघितली तर कोरी पत्रिका. म्हणजे खरा पुरावा टॅबमध्ये. कायद्याने ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायला हवं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा.

बॅकअप होता का, असं पुढे मला किमान १५ जणांनी विचारलं. गुगलची फुकटातली १५ जीबी जागा नातवाच्या व्हिडिओंनी फेब्रुवारीतच भरली होती. ‘जागा संपली’ असा निरोप रोज यायचा आणि मी तो रोज बोटाने बाजूला सारायचो.

सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं ‘टॅब बंद पडला आहे’ एवढं टाकलं, तर पाच मिनिटांत तीन जणांनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. अहो, तो भिजलेला नाही! पण तांदूळ हा आपल्याकडे सर्व रोगांवरचा उतारा झालाय. आमच्या सौ. म्हणाल्या, “तांदळात ठेवायचा तर कोलमच्या डब्यात ठेवू नका, रेशनच्या ठेवा.”

मी तो आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने केबल खुपसली, दहा सेकंद बघितलं, केबल काढली. “बोर्ड गेलाय, काका. नवीन घ्या.” उघडून बघितलंस का, म्हटलं. “उघडायची गरज नाही, समजतं.” तिथून अधिकृत सर्व्हिस सेंटरला. तिथे नंबर लावून पाऊण तास बसलो. तिथल्या मॅडम अतिशय नम्रपणे म्हणाल्या, की मदरबोर्ड बदलावा लागेल, ११,४०० रुपये अधिक कर, आणि डेटाची जबाबदारी आमची नाही. बोर्डच बदलला तर जुन्यातले फोटो कुठून येणार? हल्लीच्या टॅबमध्ये फोटो ज्या चिपमध्ये असतात ती त्याच बोर्डाला चिकटलेली असते. शिवाय आतला मजकूर कुलूपबंद, आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरकडे. चिप उपटून दुसरीकडे बसवली तरी हाती भुसाच लागतो.

आता माझ्या स्वभावाचा भाग. चौतीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. ४१५ व्होल्टची पॅनेलं, मोटारी, कॉन्टॅक्टर. ‘साहेब, मोटार गेली’ असं कुणी सांगत आलं, की आमचे साहेब विचारायचे, “कुठे गेली? गावाला?” मग ओळीने प्रश्न. सप्लाय येतोय का? तिन्ही फेज आहेत का? ओव्हरलोड ट्रिप झालाय का? वाइंडिंग बॉडीला लागलंय का? प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही, आणि प्रत्येक उत्तराने निम्मी मशीन संशयातून बाद. त्यामुळे ‘बोर्ड गेलाय’ हे उत्तर माझ्या पचनी पडेना. हाताच्या पंजाएवढ्या बोर्डावर शेकडो भाग असतात. सगळे मिळून एकाच रात्री कसे जातील?

पहिला प्रश्न फुकटातला होता, वीज आत जातेय का? माझ्याकडे यूएसबीचा छोटा मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला; दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की पाच मिनिटांवर तो सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मीटरवर ५.१ व्होल्ट दिसले आणि करंट ०.०७ अँपिअर. दुसरा चार्जर, दुसरी केबल, तरी तेच ०.०७. निरोगी टॅब चार्ज होताना एक-दीड, कधी दोन अँपिअर घेतो. शून्य आला असता तर मी चार्जिंगच्या खोबणीवर संशय घेतला असता. ०.०७ म्हणजे दारावरची घंटा वाजतेय, आत कुणीतरी आहे, पण उठून दार उघडत नाहीये.

इथे एक सांगून ठेवतो, कारण माझा यात अर्धा तास गेला. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर समोर उपकरण असल्याची खूण पटेपर्यंत चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. जुन्या, रुंद तोंडाच्या चार्जरमध्ये ते कायम हजर असतात. तपासणीला हा जुनाच बरा.

बटणं आणि बाहेरची तपासणी संपली होती, आता उघडणं आलं. मागचा पत्रा धातूचा, स्क्रीन गोंदाने चिकटवलेली. मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि एका कडेवर हलवत हलवत धरला, बोट ठेवलं तर चटका नको पण गरम लागावं इतका. फटीत घालायला काय? स्टीलची पट्टी घातली तर काच तडकते. सौ.च्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता. त्या फिल्मच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. पातळ, चिवट, वाकते पण मोडत नाही. एक पट्टी सरकवायची, ती तिथेच ठेवायची म्हणजे गोंद पुन्हा धरत नाही, मग पुढच्या बोटभर जागेला वारा. चारी बाजू व्हायला एक तास आणि दहा मिनिटं लागली. घाई केली असती तर ऑडिटरला काचेचे तुकडेच दाखवावे लागले असते. मधे सौ. येऊन बघून गेल्या. “माझा गुडघा कुठेकुठे कामी येतोय,” एवढंच म्हणाल्या.

स्क्रू काढताना कागदावर टॅबचा आराखडा काढला, त्यावर दुहेरी चिकटपट्टी लावली, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटवला. वरवर सारखे दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो खालचा बोर्ड फोडून बाहेर येतो.

नेहमीची शिस्त म्हणजे उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. मी सोडवण्याआधी सहज मल्टिमीटर लावून बघितला. बॅटरी जोडलेली असताना तिच्या दोन टोकांत ०.०२ व्होल्ट. म्हटलं, सापडलं! बॅटरी मेली. मग प्लास्टिकच्या काडीने कनेक्टर उचकटला आणि मोकळ्या बॅटरीवर पुन्हा मीटर लावला, तर ३.७१ व्होल्ट. ठणठणीत.

पाच मिनिटं मी त्या आकड्याकडे नुसता बघत बसलो. जोडली की शून्य, सोडली की पावणेचार. आणि मग आमच्या पॅनेलचं डोकं चाललं. ही तर एमसीबी! लिथियमच्या बॅटरीच्या तोंडाशी, पिवळ्या चिकटपट्टीखाली, एक चिंचोळी रक्षक पट्टी असते. पुढे कुणी फार करंट ओढला, शॉर्ट झाला, की ती वाट तोडते. पुढचा भार निघाला की आपली आपण पुन्हा जोडते. आपल्या एमसीबीला खटका वर करावा लागतो, हिला तेही नको. म्हणजे बॅटरी निर्दोष, आणि तिच्या पुढे बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे याची साक्ष तीच देत होती.

मग बोर्डाकडे. मीटर बीपवर टाकला, एक काडी जमिनीला म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला, दुसरी बॅटरीच्या कनेक्टरच्या प्लसला. शॉर्ट असेल तर मीटर कोकलायला हवा. गप्प. डायोडवर टाकला तर ०.४६. काड्या उलटसुलट करून बघितल्या तरी आकडा तसाच, थोडा इकडेतिकडे. हे तर निरोगी बोर्डाचं लक्षण. बॅटरी म्हणते शॉर्ट आहे, मीटर म्हणतो नाही. दोन्ही साक्षीदार खरं बोलणारे, आणि साक्षी मात्र उलट.

दोन संध्याकाळी यात गेल्या. चार्जिंगची छोटी पट्टी तपासली. तिच्यातून ५ व्होल्ट मुख्य बोर्डापर्यंत नीट येत होते. वास घेऊन बघितला, जळकं काही नाही. भिंगातून बघितलं, हिरवट काही नाही. एका मित्राने फोनवर विचारलं, मेगर मारून बघितलास का? (कारखान्यातली सवय जात नाही. मेगर म्हणजे मोटारींचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र, तो ५०० व्होल्ट सोडतो. पाच व्होल्टच्या खेळण्यावर तो मारला असता, तर जो काही जीव उरला होता तोही गेला असता. इथे मीटरच्या आतल्या सेलपेक्षा मोठं काहीही न विचारता लावू नये.)

शेवटी आमच्या लिफ्टच्या मेकॅनिकने एका मुलाचं नाव सांगितलं. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालचा गाळा. बाहेर मोबाइलची कव्हरं टांगलेली, आत एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढी जागा. पण टेबलावर मायक्रोस्कोप, गरम वारा सोडणारा हॉट एअर, डीसी सप्लाय, आणि बाटलीच्या झाकणात राळेचा खडा. वय असेल पंचवीस-सव्वीस. मी पिशवीतून टॅब काढला तसा तो कडा निरखू लागला.

“कोणी उघडलाय?”

“मीच.”

“कशाने?”

“एक्स-रेने.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “स्क्रीन फोडली नाहीत, हेच खूप, काका. बसा.” बसायला जागा नव्हती, मी उभाच राहिलो.

मी त्याला माझ्या दोन साक्षीदारांचं कोडं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही. डीसी सप्लायचे व्होल्ट ३.८ वर लावले, करंटची मर्यादा २ अँपिअर, आणि बॅटरीच्या जागी दोन वायरी धरल्या. बटणाला हात लावलेला नाही. आकडा एका झटक्यात २ वर जाऊन थडकला आणि व्होल्ट कोसळले.

“बघा. बटण न दाबताच खातोय. म्हणजे मेन लाईन. बटण दाबल्यावर खायला लागला असता, तर पुढची कुठलीतरी लाईन धरली असती.”

“मग माझा बीप का नाही वाजला?”

“तुम्ही दाराच्या बाहेर उभं राहून विचारलंत.”

हे त्याने मायक्रोस्कोपखाली दाखवलं. बॅटरीचा प्लस बोर्डावर येतो तो थेट सगळीकडे जात नाही. मधे चार्जिंगच्या आयसीत एक दार असतं, बॅटरी आणि मेन लाईन यांच्यामध्ये उघडझाप करणारं. बोर्डात वीज नसताना माझ्या मीटरच्या एवढ्याशा करंटला ते दार पूर्ण उघडं सापडत नाही, फक्त डायोडसारखी एक एकेरी फट सापडते. काड्या एका बाजूने लावल्या तेव्हा त्या फटीचे ०.४६ मी वाचले. दुसऱ्या बाजूने लावल्या तेव्हा फट बंद आणि आयसीच्या आतल्या दुसऱ्याच वाटेचा आकडा. शॉर्ट पलीकडे निवांत बसला होता. बॅटरीने मात्र खरा जोर लावला होता, म्हणून तिला तो लागला. त्याने काडी चार्जिंगच्या आयसीशेजारच्या चौकोनी कॉइलवर टेकवली आणि मीटर कोकलायला लागला. ०.००.

चौतीस वर्षांत मी ‘बीप नाही म्हणजे शॉर्ट नाही’ या भरवशावर किती पॅनेलं पास केली असतील, हे मोजायचं मी त्या गाळ्यात टाळलं.

आता खरी पंचाईत. मेन लाईनवर कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे दाणे, असतात ते एकदोन नाहीत, डझनांनी. प्रत्येकाचा एक पाय त्या लाईनला, दुसरा ग्राउंडला. लाईन शॉर्ट म्हटल्यावर कुठल्याही कपॅसिटरवर काड्या ठेवा, बीप वाजणारच. दोषी एक आणि कबुली सगळ्यांची. मला लगेच आमची सोसायटी आठवली. मधल्या पाइपाला गळती असली की २८ घरांचे नळ कोरडे. कुठल्याही घरात जाऊन नळ उघडा, उत्तर एकच. गळती कुठे आहे ते नळ सांगत नाही, भिंतीवरची ओल सांगते. बोर्डावरची ओल म्हणजे गरमी. शॉर्टमधून करंट वाहिला की तो भाग तापणार. पण दहा पैशाच्या नाण्यापेक्षाही लहान जागेत कोण तापलं, हे बोटाला कळत नाही.

त्यासाठी तो राळेचा खडा. त्याने सोल्डरिंगचं गरम टोक राळेत बुडवलं, चर्रकन पांढरा धूर उठला, आणि त्या धुरावर बोर्ड पालथा धरला. धूपाटण्यावर लेकराला धुरी देतात तसा. (तो वास! देवळातला आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला, दोन्ही एकदम.) दोन-तीनदा केल्यावर बोर्डावर पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर बसला. मग त्याने पंखा बंद केला. जूनच्या उकाड्यात, जिन्याखाली. वाऱ्याने गरमी पसरते, म्हणाला. व्होल्ट खाली आणून १ वर ठेवले. जास्त दिले आणि शॉर्ट मधेच सुटला, तर नको तिथे नको तेवढी वीज जायची. वायर कॉइलवर टेकवली. दोघंही श्वास रोखून बघतोय.

काही नाही. थर जसाच्या तसा. थोड्या वेळाने बोर्डभर वीज वाटणाऱ्या पॉवर आयसीच्या बाजूचं पत्र्याचं झाकण, ज्याला तो शील्ड म्हणतो, सगळंच कोमट लागायला लागलं. त्याचा चेहरा जरा उतरला. “पॉवर आयसी असेल तर काम वाढलं. प्रोसेसरच्या आत असेल तर मग जाऊ दे.” हे तो आधी बोलला नव्हता. तोवर मला वाटत होतं की शोधलं की मिळतंच.

झाकण काढायला हॉट एअर लागला. शेजारच्या भागांवर त्याने उष्णता न घेणारी पिवळी टेप चिकटवली, वारा गोलगोल फिरवला, आणि एका क्षणी चिमट्याने झाकण अलगद उचललं. खाली पॉवर आयसी, आणि भोवती भाग इतके दाट की डोंबिवली फास्ट आठवावी. थंड होऊ दिलं. तेवढ्यात मी कुंजविहारपर्यंत जाऊन दोन वडापाव आणले. तो म्हणाला, हात तेलकट होतील, नंतर. मी माझा खाल्ला.

पुन्हा धुरी. पुन्हा पंखा बंद. पुन्हा १ व्होल्ट. या वेळी त्याने मला मायक्रोस्कोपच्या पडद्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, तुम्ही बघा, मी वायर धरतो. तीनचार सेकंद पांढरंच पांढरं. मग पॉवर आयसीपासून लांब, ज्याच्यावर आमच्या दोघांचाही संशय नव्हता अशा कोपऱ्यात, एक ठिपका पांढऱ्याचा पारदर्शक झाला. दव पडल्यासारखा. शेजारचे सगळे पांढरे, तो एकच ओला तपकिरी.

“हा!” मी ओरडलो असेन, कारण बाहेर कव्हर बघणारी एक बाई दचकली.

एक कपॅसिटर. एक मिलीमीटर लांब, अर्धा मिलीमीटर रुंद. खसखशीचा दाणा. त्याने त्यावर फ्लक्सचा थेंब टाकला, वारा दिला आणि चिमट्याने उचलला. मीटर पुन्हा कॉइलवर, आता बीप नाही, ०.३८. या वेळी दाराच्या आत उभं राहून विचारलेलं. डीसी सप्लाय लावला, बटण न दाबता ०.००. मग बटण. आकडा ०.०९ वर गेला, तिथे जरा थबकला, मग ०.२, ०.४५, पुन्हा खाली, पुन्हा वर. “नाचतोय म्हणजे जिवंत आहे,” तो म्हणाला. स्थिर आकडा वाईट, नाचणारा चांगला. आणि माझ्याकडे उलटी पडलेली स्क्रीन कडेने उजळली.

त्या लाईनवर तसे इतर कपॅसिटर असतात, एक नसला तरी टॅब चालतो. पण त्याने भंगारातल्या एका बोर्डावरून तसाच दाणा काढून तिथे बसवला. मी तेवढ्यात पेन ड्राइव्ह काढून तयारच होतो. म्हटलं, बाबा रे, गोंद-बिंद नंतर, आधी कॉपी. बॅटरी जोडून, टॅब उघडाच, आतडी बाहेर, अशा अवस्थेत १,१४३ फोटो पेन ड्राइव्हवर उतरवले. त्यात नातवाचे किती आणि टँकरचे किती, ते घरी जाऊन निवडू.

मला वाटलं संपलं. चार्जर लावला तर काहीच नाही. आता मीटरवर ०.०७ सुद्धा नाही, चक्क शून्य. त्याने चार्जिंगच्या खोबणीपासून बोर्डापर्यंत जाणारी चपटी पट्टी उचलली आणि उजेडासमोर धरली. मधोमध एक घडी, आणि घडीवर केसासारखी चीर. टॅब उघडल्यावर त्या दोन संध्याकाळी मी ती इतक्या वेळा वर-खाली केली होती, की तिसऱ्या दिवशी तिने जीव सोडला. हे पाप माझं. नवी पट्टी २५० रुपयांची होती, पण ती दुसऱ्या दिवशी आली. सगळे मिळून १,४५०.

त्या स्टेशनजवळच्या मुलाचा मला सुरुवातीला राग आला होता, आता तितका नाही. त्याच्या काउंटरवर दिवसभर स्क्रीन बदलायची कामं येतात, एकेक अर्ध्या तासाची, पैसे नक्की. माझ्या टॅबला अडीच तास लागले आणि मधे एकदा ‘जाऊ दे’पर्यंत आलं होतं. जागेचं भाडं देऊन हा जुगार कोण खेळेल? फक्त ‘बोर्ड गेलाय’ असं न म्हणता ‘मला परवडत नाही’ म्हणाला असता तर मी दुसऱ्याच दिवशी योग्य दारात गेलो असतो.

तो कपॅसिटर मुळात का गेला, तेही विचारलं. त्याने टॅब टेबलावर सपाट ठेवला आणि एका टोकाला टिचकी मारली. टॅब डुगडुगला. जरासा वाकलेला. मी तो कापडी पिशवीत फाइलींच्या खाली, कधी वरून भाजी टाकून, बँकेत आणि महापालिकेत न्यायचो. पातळ टॅब वाकला की आतला बोर्ड वाकतो, आणि हे कपॅसिटर सिरॅमिकचे, म्हणजे लोणच्याच्या बरणीचीच जात. वजन सोसतील, वाकणं नाही. आत केसाएवढी चीर पडते, दिसत नाही, टॅब चालत राहतो. मग पावसाळी हवा त्या चिरेत शिरते आणि एका रात्री आतले थर एकमेकांना भेटतात. माझ्या टॅबचं असंच झालं असणार, असं त्याचं आणि आता माझंही मत आहे.

काढलेला कपॅसिटर मी मागून घेतला. पारदर्शक चिकटपट्टीखाली तो त्याच्या बिलावरच चिकटवून टाकला आणि व्हाउचर लिहिलं: ‘टॅब दुरुस्ती, कपॅसिटर १ नग, पट्टी १ नग, मजुरीसह, रु. १,४५०.’

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ऑडिटर आले. फोटो सगळे तपासले, एका टँकरच्या बिलात रकमेवर माझा अंगठा आलाय त्याबद्दल दोन शब्द सुनावले, आणि मग या व्हाउचरवर थांबले. “एका कपॅसिटरचे एवढे पैसे?” मी बिल त्यांच्यापुढे सरकवून चिकटपट्टीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बिल नाकाजवळ नेलं, ट्यूबलाइटकडे धरून बघितलं.

“कुठाय?” म्हणाले.